आधी खिशात, मग बॅनरवर

डोंबिवलीत 'पूल' या शब्दाची एक वेगळीच अडचण आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी पूलची एक स्पर्धा भरवली होती. मानपाडा रोडवर बॅनर लावला, 'भव्य पूल स्पर्धा, रविवार सकाळी १० पासून'. बॅनरखाली एक आजोबा बराच वेळ मान वर करून उभे होते. शेवटी मला म्हणाले, "कुठला हो पूल? पत्री पूल तर झाला ना सुरू?"

आजोबांचं काही चुकलं नाही. कल्याणचा पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला, नवा २०२१ च्या जानेवारीत उघडला. मधल्या काळात इथल्या माणसाने रिक्षात, गाडीत, घरी जेवताना दुसऱ्या कशावर चर्चा केली असेल असं मला वाटत नाही. मी त्यांना समजावलं, काका, तो पूल नाही, टेबलावर काठीने बॉल ढकलतात तो खेळ. "हां, म्हणजे क्लबातलं बिलियर्ड्स!" म्हटलं, क्लबातलं नाही, बेसमेंटमधलं. यावर ते "असं असं" म्हणून निघून गेले. जाताना चेहऱ्यावर जे भाव होते ते पुढच्या दोन महिन्यांत मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिले.

तर आजचा विषय हा. आपल्याकडे पूलच्या 'प्रोफेशनल' म्हणाव्यात अशा स्पर्धा का उभ्या राहत नाहीत? "स्पॉन्सर मिळत नाहीत हो" हे उत्तर मी स्वतः अनेकदा दिलंय. पण आता मला ते उत्तर खोटं वाटतं. निदान अर्धवट तरी. आणि तसं का वाटतं ते सांगायचं तर आमची स्वतःची लक्तरं थोडी वेशीवर टांगावी लागतील. हरकत नाही.

आधी थोडं क्लब आणि बेसमेंटबद्दल. काठीने बॉल मारायच्या खेळांत आपण काही कालपरवा आलेले नाही. पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. वैयक्तिक खेळात भारताचा पहिला जगज्जेता तो. १९६४ साली त्याने ते पुन्हा जिंकलं. मग मुंबईचा मायकेल फरेरा तीनदा. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, वाढला मात्र बंगलोरला. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ साली दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये, म्हणजे जागतिक रँकिंगच्या स्नूकर स्पर्धेत, फायनल गाठली. २०१५ मध्ये तर ही इंडियन ओपन मुंबईतच झाली होती. थोडक्यात, खेळ आपल्याला परका नाही.

पण हे सगळं बिलियर्ड्स आणि स्नूकर. त्यांची टेबलं बारा फूट बाय सहा फूट, ती ठेवायला जागा लागते, आणि मुंबईत ती जागा जिमखान्यांकडे आणि मोठ्या क्लबांकडे होती. पूलचं टेबल त्या मानाने लहान. आंतरराष्ट्रीय मापाचं टेबल नऊ फुटी, आणि आपल्याकडच्या पार्लरांत त्याहून लहानही असतात. म्हणून ते कुठेही बसतं, बेसमेंटमध्ये, मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर, सायबर कॅफे बंद पडला त्या गाळ्यात. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात पूल पसरला तो असा. क्लबची मेंबरशिप नको, पांढरा शर्ट नको, तासाचे पैसे टाका आणि खेळा. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते. इंजिनिअरिंगला असताना प्रॅक्टिकल बुडवून आम्ही जे शिकलो ते असल्याच एका गाळ्यात.

पण ह्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की क्लबला जी इभ्रत आपोआप मिळते ती गाळ्याला मिळत नाही. हिंदी सिनेमात गुंडांचा अड्डा दाखवायचा की एक पूल टेबल आणि वर लोंबणारा दिवा दाखवला की काम झालं. कायद्याच्या नजरेतही पार्लर हे मैदानापेक्षा करमणुकीच्या जागेच्या जास्त जवळचं. १९५१ च्या पोलीस कायद्यात सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर परवान्याची अट घालायचे अधिकार पोलिसांना आहेत. शिवाय १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा डोक्यावर असतोच. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही असं त्या कायद्यातच लिहिलंय, आणि पूल हा कौशल्याचा खेळ आहे हे एकदा खेळून हरलेल्या कुणालाही कळतं. पण बाजूच्या टेबलावर दोघे जण पैज लावून खेळत असतील, तर आत आलेल्या हवालदाराला आणि मुलाला शोधत आलेल्या आईला तुम्ही कलम वाचून दाखवणार का?

असो. आता आमच्या स्पर्धेचा हिशेब.

आम्ही तिघे. दोघे आयटीवाले, एक बँकेत. पार्लरच्या मालकाला पटवलं. ३२ खेळाडू, प्रत्येकी पाचशे रुपये एन्ट्री, म्हणजे सोळा हजार जमा. मालकाची चार टेबलं अख्खा रविवार अडणार. रविवार हा त्याचा कमाईचा वार, तासाला दोनशेच्या दराने दहा तासांचे आठ हजार बुडतात. त्याने मोठ्या मनाने सहा हजारात दिली. बॅनर, ट्रॉफ्या, पाणी, वडापाव, चहा मिळून चार हजार. राहिले सहा हजार. आणि बॅनरवर बक्षिसं किती? एकूण पंचवीस हजार! पहिलं बारा हजार, दुसरं सहा, सेमीफायनल हरणाऱ्या दोघांना साडेतीन-साडेतीन. मधल्या फरकासाठी एका ओळखीच्या व्यावसायिकाने वीस हजार द्यायचं कबूल केलं होतं. तोंडी. "तुम्ही छापा बिनधास्त, मी आहे ना."

आम्ही छापलं. बिनधास्त.

आता वेळेचा हिशेब बघा, कारण हा मी ऑफिसात एक्सेलमध्ये करून, त्यावर खूश होऊन बसलो होतो. एकदा हरलं की बाहेर, असं ठेवलं तर ठाण्याहून तासभर प्रवास करून आलेला माणूस वीस मिनिटांत परत जाणार. म्हणून डबल एलिमिनेशन ठेवलं, दोनदा हरल्यावर बाहेर. ३२ जणांत विजेता सोडून ३१ जण प्रत्येकी दोनदा हरायला हवेत, म्हणजे किमान ६२ मॅचेस. पाच गेम आधी जिंकेल तो विजयी. एका मॅचला ४० मिनिटं धरली तर २,४८० मिनिटं, भागिले चार टेबलं, म्हणजे ६२० मिनिटं. दहा तास वीस मिनिटं. सकाळी दहाला सुरू, रात्री साडेआठला बक्षीस समारंभ. एक्सेलमध्ये सगळं हिरवंगार.

एक्सेलमध्ये मेगाब्लॉक नव्हता.

ठाणे-मुलुंडकडून येणारे अकरा खेळाडू पाऊण ते सव्वा तास उशिरा आले. त्यांना बाद करायचं का? नियमाप्रमाणे हो. पण मग पाच-साडेपाच हजार परत करायचे का? तो नियम आम्ही लिहिलाच नव्हता. पहिल्याच फेरीत दुसरं भांडण, फाउल झाल्यावर समोरच्याला 'टू शॉट' की पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवायचा? ठाण्याच्या पोरांच्या पार्लरात एक पद्धत, आमच्याकडे दुसरी. जागतिक संघटनेचे छापील नियम नेटवर फुकट मिळतात, पण ते आधी कुणी वाचून दाखवले नव्हते. प्रत्येक जण आपापल्या गल्लीचा नियम घेऊन आलेला. रेफरी कोण? तर ज्याची मॅच नाही तो. म्हणजे पुढच्या फेरीत ह्यातल्याच एकाशी खेळणारा! दुपारी तीनपर्यंत आम्ही इतके मागे पडलो की डबल एलिमिनेशन रद्द करून साधं नॉकआउट केलं. ज्यांचा एक पराभव झाला होता त्यांनी जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. त्यांचं बरोबरच होतं. फॉर्म भरताना एक नियम आणि दुपारनंतर दुसरा, असं झालं तर माणूस काय आरती ओवाळणार?

फायनल रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी संपली. शेवटची गाडी पकडायला बहुतेक जण निघून गेले होते. बघणारे नऊ. मी मोजले. यूट्यूबवर मोबाईल लावून लाइव्ह दाखवत होतो. तिथे ज्यांचे आकडे दिसत होते त्यातले निम्मे तरी दुपारी हरून घरी गेलेले खेळाडूच असावेत.

पण जिंकला कोण, हे महत्त्वाचं. जिंकला तो पार्लरचा मार्कर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मार्कर म्हणजे टेबलं पुसणारा, रॅक लावून देणारा, तासांचा हिशेब ठेवणारा पोरगा. आमचा हा मार्कर तेव्हा एकवीस-बावीसचा, कल्याणच्या पुढून यायचा, महिन्याला मिळणाऱ्या पगारात बारा हजार हा आकडा फार लांबचा नव्हता. सकाळी बारा फुटांवरून बादली उचलून ठेवून तो पहिली मॅच खेळायला उभा राहिला, आणि दिवसभरात त्याने जे काही केलं ते मी तरी विसरणार नाही. ताकदीचं काही नाही. प्रत्येक शॉटनंतर पांढरा बॉल पुढच्या शॉटसाठी जिथे हवा तिथे जाऊन थांबायचा, जणू आधी खडूने खूण करून ठेवली होती. फायनल ५-२.

आणि आमचे वीस हजारवाले? संध्याकाळपासून फोन उचलेनात. रात्री अकराला एक मेसेज आला, "पुढच्या महिन्यात बघू". हातात होते सहा हजार. आम्ही तिघांनी एटीएममधून तीन-तीन हजार काढले. पंधरा हजार झाले. द्यायचे होते पंचवीस.

इथे आम्ही जे केलं ते सांगायची लाज वाटते म्हणूनच सांगतो. दुसऱ्या क्रमांकाचा ठाण्याचा होता, चारचाकीतून आलेला. त्याला पैसे दिले नाहीत तर तो चारचौघांत बोलला असता. सेमीफायनलवालेही तसेच. त्या तिघांना त्यांचे तेरा हजार दिले. उरलेले दोन हजार आणि ट्रॉफी मार्करला दिली आणि म्हटलं, "तू काय, आपलाच आहेस. थांब थोडे दिवस."

तो "हो दादा" म्हणाला आणि टेबलांवर कव्हरं घालायला गेला.

राहिलेले दहा हजार त्याला तुकड्यातुकड्यांनी मिळायला दोन महिने लागले. ते आम्हीच भरले, त्यात मोठेपणा काही नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी ठाण्यात स्पर्धा ठेवली तेव्हा मी त्याला म्हटलं, चल, एन्ट्री मी भरतो. तो म्हणाला, "नको दादा. मी टेबलं लावतो तेच बरं."

आता मला सांगा, ह्यात स्पॉन्सर न मिळण्याचा प्रश्न कुठे आहे? स्पॉन्सर पळाला हे खरं. पण न मिळालेला पैसा बॅनरवर छापला आम्ही. ज्याचा आवाज सगळ्यात कमी, त्याला थांबायला सांगितलं आम्ही. एखादा खेळ प्रोफेशनल आहे का, हे मला वाटतं एवढ्यावरच ठरतं, की जिंकलेल्या माणसाला ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी मिळतात का. बाकी लायटिंग, ड्रेसकोड, कॉमेंट्री, सगळं नंतर.

आणि हे फक्त डोंबिवलीचं दुखणं आहे असं समजू नका. २००५-०६ च्या सुमारास अमेरिकेत इंटरनॅशनल पूल टूर नावाचं मोठं प्रकरण झालं होतं. टीव्हीवर तासतासभराच्या जाहिराती करून पुस्तकं खपवणारे केविन ट्रुडो त्याचे प्रवर्तक. २००६ साली नेवाडातल्या रिनो शहरात त्यांची एट-बॉलची वर्ल्ड ओपन झाली. एकूण बक्षिसं तीस लाख डॉलर, पहिलं पाच लाख डॉलर. पूलच्या इतिहासात असा आकडा कुणी ऐकला नव्हता. जिंकला फिलिपिन्सचा इफ्रेन रेयेस. आणि मग कळलं की पैसे नाहीत! पैसे हप्त्याहप्त्याने देऊ असं खेळाडूंना सांगण्यात आलं, आणि ती टूर तिथेच बसली.

ह्या रेयेसची गोष्ट आणखी गंमतशीर आहे. हा माणूस लहानपणी मनिलामध्ये आपल्या काकांच्या पूल हॉलमध्ये काम करायचा आणि रात्री टेबलावरच झोपायचा. म्हणजे आपल्या भाषेत मार्करच. जगातला सगळ्यात मोठा मार्कर जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकला, आणि त्यालाही सांगितलं गेलं, थांब थोडे दिवस. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पोराचं "हो दादा" आठवलं. आकड्यांत शून्यांचा फरक आहे, बाकी सगळं तेच.

उलट उदाहरणंही आहेत. अमेरिकेतली नाइन-बॉलची यू. एस. ओपन १९७६ साली बॅरी बेहरमन नावाच्या एका पूल हॉलच्या मालकाने व्हर्जिनियात सुरू केली. तिथेही पुढे बक्षिसं उशिरा मिळण्याच्या तक्रारी झाल्या, पण स्पर्धा होत राहिली आणि तिला नाव मिळालं. २०१९ साली ती मॅचरूम ह्या इंग्लंडच्या कंपनीने लास व्हेगासला नेऊन भरवली. म्हणजे कंपनी आली ती चाळीस वर्षांनी, आणि आली ती आधीपासून असलेल्या नावाकडे. त्याच मॅचरूमने १९९४ साली मॉस्कोनी कप सुरू केला, युरोप विरुद्ध अमेरिका. छोट्या मॅचेस, शॉटला घड्याळ, आणि मुख्य म्हणजे आपली टीम आणि त्यांची टीम. पूलमधलं ओ की ठो न कळणारा माणूससुद्धा कुणासाठी ओरडायचं हे लगेच ठरवू शकतो.

लांब कशाला जा. आपल्या ठाण्यातलंच बघा. २०२४ च्या मार्चमध्ये दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये टेनिस बॉल क्रिकेटची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, दिव्याखाली, टीव्हीवर, फिल्मस्टार मालकांसकट. बाहेरच्यांना वाटलं हे अचानक कुठून आलं? आपल्याला माहीत आहे कुठून आलं. ठाणे-रायगडच्या गावागावांतून वर्षानुवर्षं होणाऱ्या टेनिस बॉलच्या स्पर्धांमधून. मैदानाला चुना मारणारा, माईकवरून अखंड बोलणारा, स्कोअर लिहिणारा, ट्रॉफी आणि बाइक स्टेजवर सकाळपासून सगळ्यांना दिसेल अशी मांडून ठेवणारा, ही सगळी माणसं आधीपासून तयार होती. कबड्डीचंही तेच. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, पण तिच्याआधी कितीतरी दशकं मंडळांच्या स्पर्धा चालू होत्या, मॅटवर नव्हे तर मातीत. लीगवाल्यांनी दिवे लावले, पण घर आधीच उभं होतं.

बाइक स्टेजवर मांडून ठेवतात ही गोष्ट मी आधी हसण्यावारी न्यायचो. केवढं ते प्रदर्शन! आता वाटतं, ह्याच्याइतका चोख करार कुठला नाही. बक्षीस आहे, हे बघा, हात लावून बघा.

पूलचीही लीग करून बघितली गेलीय आपल्याकडे. २०१७ मध्ये अहमदाबादला नाइन-बॉल पूल आणि सिक्स-रेड स्नूकर मिळून टीम्सची लीग झाली. प्रयत्न चांगला होता, खेळाडू चांगले होते. पण कल्याणच्या गाळ्यातल्या पोराला तिथवर न्यायला मधल्या पायऱ्या कुठे होत्या? राज्यात बिलियर्ड्स-स्नूकरची संघटना आहे, मुंबईच्या मोठ्या क्लबांत खुल्या स्पर्धा होतात, पण त्यांचा रस्ता मुख्यतः स्नूकरच्या बारा फुटी टेबलावरून जातो. त्यात एशियन गेम्समध्ये हे खेळ १९९८ ते २०१० होते, तेव्हा निदान मेडल आणि त्यामागून येणारी नोकरी असं काहीतरी दिसत तरी होतं. २०१४ पासून तेही गेलं. पूलवाल्याला आज वर चढायचं तर जिनाच नाही, थेट गच्ची आहे.

मग काय करायचं? मी काही फार मोठा जाणकार नाही, पण एकदा तोंडावर पडलेला माणूस आहे, त्याचा तेवढा अधिकार वापरून चार गोष्टी सांगतो.

एक. बक्षीस आधी खिशात, मग बॅनरवर. सहा हजार असतील तर सहा हजारच छापा. केवळ एन्ट्रीच्या पैशातून दिलेलं बक्षीस ही खरं तर भिशीच, ३२ जणांनी टाकले आणि चौघांनी उचलले. त्यात वाईट काही नाही, पण तिला 'प्रोफेशनल' म्हणू नका. बाहेरचा पैसा ज्या दिवशी खरोखर खात्यात येईल त्या दिवशी तो शब्द वापरा.

दोन. स्पर्धा लहान ठेवा आणि परत परत भरवा. १६ खेळाडू डबल एलिमिनेशनने खेळवले तर ३० मॅचेस होतात, चार टेबलांवर पाच तास. उशीर धरून सात. दुपारी दोनला सुरू करा, मेगाब्लॉकही संपत आलेला असतो आणि लोक नऊच्या गाडीने घरी जातात. वर्षातून एक 'भव्य' करण्यापेक्षा दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी एक साधी करा. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे ऑफिसात दुसऱ्यांना शिकवतो, छोटे रिलीज, वारंवार रिलीज. स्वतःवर वेळ आली की मात्र थेट भव्य!

तीन. नियम छापून भिंतीवर, आणि रेफरी न खेळणारा. त्याला पाचशे रुपये द्या. हे पाचशे बक्षिसातून कापावे लागले तरी द्या. हरलेला माणूस परत येतो की नाही, हे तो कसा हरला ह्यावर ठरतं.

चार. बघणाऱ्याची सोय. आपल्या पार्लरात बसायला जागा नसते, उभं राहिलं तर खेळणाऱ्याच्या काठीला धक्का लागतो. शेवटच्या दोन मॅचेससाठी एकच टेबल ठेवा, बाकीची झाका, तिथे खुर्च्या मांडा, आणि कुणालातरी मराठीतून बोलायला बसवा. नाइन-बॉल समजायला दोन वाक्यं लागतात. सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागलं पाहिजे, आणि नऊ नंबर पडला की गेम संपला. पण ती दोन वाक्यं कुणीतरी सांगायला हवीत. आई-वडिलांना बोलवा. एकदा आत येऊन, पोरं काय करतायत ते दिव्याखाली बघू दे त्यांना. आणि मॉस्कोनी कपसारखं काही करायचंच तर ठाणे विरुद्ध कल्याण-डोंबिवली एवढं पुरे आहे. ठाणेकर आम्हाला 'पलीकडचे' समजतात आणि आम्ही त्यांना शिष्ट. ह्याहून जास्त मार्केटिंग कुठल्या एजन्सीला जमणार आहे?

तुम्ही म्हणाल, एवढ्याने खेळाडूचं पोट भरणार का? नाही भरणार. महिन्याला एका स्पर्धेतून तीन-चार हजार मिळाले तर तो पॉकेटमनीच. ठाणे-कल्याण पट्ट्यात अशी चार पार्लरं चार रविवारी स्पर्धा भरवू लागली तरी पोट भरणार नाही. पण चार पार्लरांत नाव झालेला पोरगा, त्याचे निकाल, त्याचं रँकिंग, हे दाखवून एखाद्या कंपनीकडे जाता येईल. आज आपण कंपनीकडे जातो ते 'हा खेळ खूप मोठा होऊ शकतो' असं सांगत. त्यांना विचारावंसं वाटतं, मागच्या महिन्यात काय झालं ते सांगा. आणि आपल्याकडे सांगायला एका बारा-चाळीसला संपलेल्या फायनलशिवाय काही नसतं.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा एक स्पर्धा केली. बॅनर नाही, 'भव्य' नाही. १६ जण, पाचशे एन्ट्री, रेफरी एक. आमच्या तिघांच्या खिशातले आणि मालकाचे मिळून एकूण दहा हजारांची बक्षिसं. चार पाकिटं करून, वर नंबर लिहून काउंटरमागच्या काचेच्या कपाटात, चॉकच्या डब्यांशेजारी सकाळपासून ठेवली होती. मार्करने सकाळी काच पुसताना ती पाहिली. मला म्हणाला, "दादा, ह्यात आहेत खरंच?" मी कपाट उघडून पाकिटं त्याच्या हातात दिली. त्याने चारही पाकिटं नीट मोजली. माझ्यासमोर. मला जरा लागलं, पण मोजायचा त्याचा हक्कच होता.

मग त्याने एन्ट्रीचे पाचशे काढून दिले. मी भरतो म्हटलं तर घेतलं नाही.

तो जिंकला वगैरे नाही. सेमीफायनलला ठाण्याच्या एका कॉलेजच्या पोराकडून ४-५ ने हरला. मधल्या वर्षा-दीड वर्षात नुसती टेबलं लावत होता, मॅचचा सराव राहिला नव्हता. साडेसातला त्याचं दीड हजाराचं पाकीट त्याला मिळालं, पाठीमागच्या खिशात गेलं, आणि तो कव्हरं घालायला लागला. मी निघताना त्याने एवढंच विचारलं, "पुढची कधी?"

पुढची महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. दुपारी दोनला. मेगाब्लॉकचं वेळापत्रक तेवढं शनिवारी बघून निघा.